‘बेचिराख’मध्ये राख नाही

प्रश्न : ‘शत्रूने मुलूख ताराज करून गावेच्या गावे बेचिराख केली’ अशी वाक्ये इतिहासाच्या पुस्तकांत आढळतात. ‘बेचिराख’ म्हणजे जळून राख झालेले, हे बरोबर आहे का? ‘ताराज’चा अर्थही तोच का?

उत्तर : या शब्दात ‘राख’ ऐकू येते खरी, पण तो कानाला होणारा भास आहे. शब्द फोडायचा तो ‘बे-चिराख’ असा. दिवा या अर्थाच्या फारसी ‘चिराग’चे मराठीत ‘चिराख’ झाले आणि ‘बेघर’, ‘बेवारस’ यांतला अभावदर्शक ‘बे’ त्याला लागला. तिन्हीसांजेला दिवा लावायला जिथे माणूसच उरलेले नाही, ते गाव बेचिराख. म्हणूनच जुन्या महसुली कागदांत, एकही घर जळालेले नसले तरी, दुष्काळाने किंवा साथीने रयत उठून गेलेल्या ओसाड गावालाही ‘बेचिराख’च म्हटले जाई, नाव आणि शिवार तेवढे दप्तरात राही.

‘ताराज’ हाही फारसीच, पण त्याचा मूळ अर्थ लूट. ‘लुटून ताराज केले’ ही काटेकोरपणे पाहता द्विरुक्ती ठरते. मात्र ‘कागदपत्र’ म्हणणाऱ्या मराठीला अशा जोड्यांचे वावडे नाही. मुलूख ताराज होतो तेव्हा धान्य, गुरे, भांडीकुंडी जातात. रानात पळालेली माणसे परतून पुन्हा चूल पेटवू शकतात. बेचिराख गावात तेही घडत नाही. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून तिथे गाढवाचा नांगर फिरवला, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. त्या नांगरामागचा हेतू तिथे पुन्हा वस्ती होऊ नये हाच होता, आणि पूर्ण अर्थाने बेचिराख करणे म्हणतात ते हेच. (पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्या वास्तव्यात ते गाव पुन्हा वसले, हा भाग वेगळा.)

दोन्ही शब्द विशेषणासारखे, रूप न बदलता, ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांच्याबरोबर येतात. ‘बॉम्बवर्षावात शहर बेचिराख झाले’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण तिथली वस्तीच नाहीशी झालेली असते. ‘आगीत दुकान बेचिराख झाले’ हे मात्र, वर्तमानपत्रांत कितीही रुळले असले तरी, मला खटकते. तिथे ‘जळून खाक झाले’ पुरेसे आहे. गंमत अशी की फारसीत ‘खाक’ म्हणजेही राख नव्हे, माती.