मेटलसाठी हेडफोन घेताना

प्रश्न : सर, मी नेरूळला राहतो, कामाला रोज ठाण्यात वागळे इस्टेटला जातो. जाता-येता लोकलमध्ये आणि रात्री घरी हेवी मेटल संगीतच ऐकतो, त्यातही थ्रॅश आणि डेथ हे त्याचे प्रकार. दिवाळीत मित्राच्या सांगण्यावरून ‘एक्स्ट्रा बास’वाला ब्लूटूथ हेडफोन घेतला. पण गाण्याने वेग घेतला की ड्रम आणि गिटारचा नुसता गोळा होतो आणि थोड्या वेळात डोकं चढतं. बजेट सहा हजार. कोणता घेऊ?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : गोळा होतो तो त्या एक्स्ट्रा बासमुळेच. मी स्वतः ठाण्यातल्या बँडमध्ये बास गिटार वाजवत आलोय, बास मला जिवापाड आवडतो. तरीही सांगतो, मेटलला जास्त बास लागत नाही, आवरलेला बास लागतो.

हिशोब बघ. बास गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं) वाजते, सहा तारांच्या गिटारची ८२ला, सात तारांच्या गिटारची ६२च्या आसपास. किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, धक्काही साधारण ५० ते १००च्या मधलाच. सगळी गर्दी एकाच बोळात! त्यात मिनिटाला २०० बीटचं गाणं असेल आणि ड्रमर दोन्ही पायांनी प्रत्येक बीटला चार ठोके मारत असेल, तर सेकंदाला तेरा ठोके पडतात. हेडफोनने तिथे बास फुगवला की पहिल्या ठोक्याची घुमी विरायच्या आत दुसरा येऊन आदळतो आणि गिटारचा खालचा भाग त्यात बुडतो. ठोका न् ठोका सुटा कळतो तो किकच्या वरच्या ‘टक्’ आवाजामुळे, आणि तो असतो ३ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. गिटारच्या डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाची, धारही तिथेच. म्हणून हेडफोनचा मधला पट्टा दबलेला नको.

डोकं चढण्याचं कारण बहुधा त्याच्याही वर आहे. ६ ते ९ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात हेडफोन तिखट असला की क्रॅश आणि हाय-हॅट सतत टोचतात, आणि आपल्या संगीतात झांजा थांबतात कुठे?

लोकलसाठी वायरवाले इन-इअर घे. दोन-तीन हजारांत आज फार चांगले मिळतात. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा डोंगल लाव. खरी मेख रबरी टिपमध्ये आहे. खोक्यातून निघालेली मधल्या मापाची टिप तशीच वापरू नकोस, सगळी मापं लावून बघ. इअरफोन बोटाने हलकेच आत दाबल्यावर बास एकदम वाढला, तर टिप नीट बसलेली नाही. ती नीट बसली की गाडीचा खडखडाट बराच बाहेर राहतो आणि आवाज वाढवावा लागत नाही. नॉइज कॅन्सलेशन गाडीची घरघर छान कापतं, पण या बजेटमध्ये ते घेतलं तर आवाजाच्या दर्जात तडजोड होते असं माझं मत आहे. फलाटावर मात्र कान मोकळे ठेव.

उरलेले पैसे घरच्यासाठी, बंद कपाच्या स्टुडिओ हेडफोनकडे वळव. आणखी पैसे साठवता आले तर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स बघ. त्याच घरातला एम५०एक्स जास्त गाजलाय, पण तुझ्या तक्रारीला एम४०एक्सचा सपाट आवाज जास्त लागू पडेल. सेनहायझरचा एचडी ६०० गिटार अप्रतिम दाखवतो, पण तो ३०० ओहमचा, ॲम्प (आवाजाला जोर देणारं वेगळं यंत्र) मागतो, आणि ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा, असल्याने सगळ्या घराला तुझं डेथ मेटल ऐकावं लागेल.

दुकानात स्वतःची गाणी घेऊन जा. आयर्न मेडन या बँडचं काहीही लाव. त्यांचा बास वादक स्टीव्ह हॅरिस याची बोटं तारेवर आपटतात तो कडकडाट गिटारींच्या खालून सुटा ऐकू आला पाहिजे. मेटॅलिका या बँडच्या १९८८च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ अल्बमवरून मात्र बास जोखू नकोस, त्यात बास गिटार मिक्सिंगमध्येच जवळजवळ गायब आहे. त्यांचाच २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबून मोठा केलाय की आवाज मुळातच फाटतो. त्यावर कुठल्याच हेडफोनकडे इलाज नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. दिवसभर कानात हे कर्कश मेटल संगीत चालू असतं. याने कान खराब होतात का?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, संगीताचा प्रकार कानाला कळत नाही. आवाज किती आणि किती वेळ, एवढंच त्याला कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल फक्त ४ तास. मुलांसाठी मर्यादा याहून कमी धरा. मेटलमध्ये हळू जागा कमी असतात, त्यामुळे कानाला मध्ये उसंत मिळत नाही, हे मात्र खरं. बहुतेक फोनमध्ये आवाजाला कमाल मर्यादा घालता येते. ती त्याच्याशी बोलून, त्याच्यासमोरच लावा. संगीत बंद करू नका. गाणं थांबल्यावरही कानात शिट्टी वाजते असं तो म्हणाला, तर परीक्षा संपायची वाट न बघता कानाच्या डॉक्टरांना दाखवा.