१९ लाखांत एस-क्लास मिळतेय, घेऊ का?

प्रश्न : नमस्कार, मी नाशिकचा, द्राक्षाचा व्यापार आहे. घरात फॉर्च्युनर घ्यायचं जवळपास ठरलं होतं पण एका डीलरकडे २०१५ची मर्सिडीज एस ३५० सीडीआय बघितली आणि डोकंच फिरलं. दिल्ली पासिंग, थर्ड ओनर, मीटरवर ६२ हजार, १९ लाख म्हणतोय. नवी असताना कोटीच्या वर होती ना ही? वडिलांना मागच्या सीटवर आरामात बसवून पंढरपूरला न्यायचंय. डीलर म्हणतो साहेबांची गाडी होती, ड्रायव्हरच चालवायचा, काही बघायची गरज नाही. खरंच घ्यावी का, आणि घेतली तर काय काय बघू?

उत्तर : काही बघायची गरज नाही असं म्हणाला ना, मग आता सगळंच बघा. गाडी वाईट नाहीये हो, उलट मागच्या सीटसाठी याच्या जवळपासची गाडी त्या पैशात नाहीच. पण एक गोष्ट डोक्यात पक्की करा, गाडी १९ लाखांची झाली असली तरी तिचे पार्ट अजून कोटीच्याच गाडीचे आहेत, त्यांचा भाव कोणी कमी केलेला नाही.

सगळ्यात आधी सस्पेन्शन. या गाडीला एअरमॅटिक आहे, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे. डीलरला सांगा की आज रात्रभर गाडी जागची हलवू नको आणि उद्या मी आल्याशिवाय स्टार्टरला हातही लावू नको. सकाळी चारही चाकांवर टायर आणि मडगार्डमधलं अंतर टेपने मोजा, डोळ्यांनी नको. पुढची दोन एकमेकांशी जुळली पाहिजेत, मागची दोन एकमेकांशी. एखादा कोपरा खाली बसलेला असेल तर तिथून हवा जातेय, आणि ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा पळत असणार म्हणजे त्याचंही आयुष्य संपत आलंय. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी धुवून, स्टार्ट करून, एसी लावून ठेवलेली दिसली तर सरळ चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

मग इंजिन. हे तीन लिटरचं व्ही-६ डिझेल आहे, ओएम६४२, दणकट आहे पण त्याची एक जुनी खोड आहे. ऑइल कूलर दोन्ही बाजूच्या सिलेंडरच्या मधल्या खाचेत बसवलाय, त्याचे सील कडक झाले की ऑइल त्या खाचेत साठतं आणि इंजिनच्या मागच्या अंगाने गिअरबॉक्सवर ओघळतं. कंपनीने नंतर सील सुधारले, त्यामुळे अगदी जुन्या मॉडेलइतका त्रास नाही, तरी गाडी लिफ्टवर घ्या, खालचं कव्हर काढायला लावा आणि टॉर्च मारून बघा. सील किरकोळ किमतीचे असतात हो, पण तिथपर्यंत पोचायला वरचं बरंच सामान उतरवावं लागतं आणि बिल त्या मजुरीचं येतं.

६२ हजार किमीवर माझा तरी विश्वास नाही. मर्सिडीजच्या सर्व्हिस सेंटरला किंवा एक्सेंट्री मशीन (मर्सिडीजचे फॉल्ट वाचणारं कंपनीचं मशीन) असलेल्या चांगल्या गॅरेजला पैसे देऊन पूर्ण स्कॅन करून घ्या आणि सर्व्हिस हिस्टरी मागा. मीटर मागे फिरवणारा समोरचा आकडा बदलतो, पण गाडीतल्या बाकीच्या कंट्रोल युनिटमध्ये जुने फॉल्ट साठवलेले असतात आणि फॉल्ट आला तेव्हा किती किमी झाले होते तेही बऱ्याचदा तिथे असतं. मीटर ६२ दाखवतंय आणि २०१८चा फॉल्ट ९० हजारावरचा, मग बोलायचंच काय.

हेडलाईटच्या आत वाफ धरलीय का तेही बघा, या गाडीत एकही साधा बल्ब नाही, सगळं एलईडी, त्यामुळे बल्ब बदलून भागत नाही, अख्खा दिवाच बदलायची वेळ येते. आणि सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पुरातली गाडी कितीही घासून चकाचक केली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला मातकट रेघ राहते, सीटच्या रेल्समध्येही गाळ सापडतो. मागचे पडदे, मसाज, दरवाजे आपोआप ओढून घेणं, हे एकेक दाबून बघा, वडील तिथेच बसणार आहेत.

आता दिल्ली पासिंग. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं, तेव्हापासून अशा गाड्या पडेल भावात बाहेर निघायला लागल्या, स्वस्त असण्याचं मोठं कारण ते. दिल्ली आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका, लोन होतं का, असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ आहे का बघा, आणि एमएच १५ करायला टॅक्स किती लागेल ते आधी पेठ रोडला आरटीओत विचारून या. तो १९ मध्ये धरलेला नसतो. आणि फर्मच्या नावावर घेऊ नका, कंपनीच्या नावाला टॅक्सचा दर वेगळा, जास्त.

माझं मत विचाराल तर, स्कॅन आणि लिफ्ट दोन्हीत पास झाली आणि वर पाच-सहा लाख पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत असतील तर घ्या. ते पैसे नसतील, किंवा ईएमआय काढून घ्यायची असेल, तर फॉर्च्युनरच बरी.

प्रश्न : मी दुबईत नोकरीला आहे. इथे जुन्या बेंटली फ्लाइंग स्पर फार स्वस्तात दिसतात, परत येताना एक पुण्याला आणता येईल का?

उत्तर : नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टीअरिंगची लागते, दुबईतल्या डाव्या, विषय तिथेच संपला. तिथेच चालवायला घेत असाल तर आखाती स्पेकचीच, म्हणजे कंपनीने आखाती देशांसाठी बनवलेलीच घ्या, अमेरिकेत अपघातात गेलेल्या गाड्या दुरुस्त करून तिकडे भरपूर विकतात. आणि डब्ल्यू-१२, म्हणजे बारा सिलेंडरच्या इंजिनची असेल तर विकत घ्यायच्या आधी गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, की कोणकोणत्या कामांना इंजिन खाली उतरवावं लागतं.