दुसऱ्या गालाबद्दल

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

मराठीत बोललास म्हणून कॉलेजच्या गेटवर त्या पोराने थोबाडीत मारली आणि तू गप्प राहिलास. आता मित्र भित्रा म्हणतात. दुसरा गाल पुढे करायचा म्हणजे नुसता मार खायचा का, असं विचारतोस.

नाही रे. डोंगरावरच्या प्रवचनातलं ते वाक्य आपल्या मंडळीत सगळ्यांना पाठ आहे, पण प्रभूला स्वतःला चापट बसली तेव्हा त्याने काय केलं, ते कुणी काढून वाचत नाही. योहानाचं शुभवर्तमान, अध्याय १८. महायाजकापुढे चौकशी चालू आहे, शेजारचा कामदार, म्हणजे शिपाई, तोंडात मारतो. येशू उलट हात उचलत नाही, पण मानही खाली घालत नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असं तोंडावर विचारतो. त्याच रात्री, अटकेच्या वेळी, पेत्र या शिष्याने महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान उडवला होता. तलवार म्यानात घाल हे प्रभूने आपल्याच माणसाला सांगितलं, आणि कान बरा केला तो धरायला आलेल्याचा.

तेव्हा तूही विचार. त्याला कन्नडमध्येच विचार, तुला चांगलं येतं. प्राचार्यांकडे लेखी तक्रार दे. यात अविश्वास कसला? प्रेषित पौलानेही रोमच्या कैसराकडे दाद मागितलीच की. दाद मागायची आणि निकाल देवावर सोडायचा, हे दुसरं फार जड जातं. सीमाभागातल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. बेळगावसह हा सीमाभाग महाराष्ट्रात यावा, हा आपला दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. दगड उचलणाऱ्याला मात्र निकाल आजच हवा असतो.

२०२२ च्या डिसेंबरात बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, लगेच पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं. ड्रायव्हर इकडचा काय, तिकडचा काय, पोटासाठी गाडी हाकणारा. सीमा त्यामुळे तसूभर हलली नाही.

१ नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या निषेध फेरीला जाऊ का, हेही विचारलंयस. जा. काळा शर्ट घालून शांतपणे चालण्यात मला पाप दिसत नाही. (पाळकसाहेबांचं मत वेगळं आहे, त्यांनाही विचार.) कुणी कन्नड पाटीकडे हात उगारला तर तिथून बाहेर पड, आणि का पडलास ते मित्रांना सांग. तुझा भित्रेपणा की धैर्य, ते त्या वेळी त्यांना दिसेल. मारामारीचे व्हिडिओ पुढे ढकलू नकोस. रात्री अकरानंतर तर व्हॉट्सअ‍ॅप बंदच ठेव.

त्या पोरासाठी प्रार्थना करवत नाही म्हणतोस. मग तसंच देवाला सांग. स्तोत्रकर्त्यांनी याहून कडू बोलणं देवापुढे मांडलंय.

तक्रारअर्ज शनिवारी घेऊन ये, कन्नड मसुदा मी तपासून देतो.

तुझा,
काका