निफाडची थंडी आणि विमानाच्या पंखावरचा बर्फ

प्रश्न : आम्ही ओझर विमानतळाजवळ राहतो. थंडीच्या लाटेत द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा वेळी विमानाच्या पंखांवरही बर्फ जमत असणार. त्याबाबत नियम काय सांगतात?
— एक वाचक, ओझर

उत्तर : बागायतदाराला ज्या थंडीची धास्ती, तिची वैमानिकाला सहसा नसते, कारण हिवाळ्यात आपल्याकडचे आकाश कोरडे असते आणि ढगच नसतील तर उडत्या विमानावर गोठणार काय? खरी काळजी पावसाळ्यात घ्यावी लागते. तेव्हा साधारण सतरा-अठरा हजार फुटांवर तापमान शून्याला पोचते, आणि त्यावरच्या ढगांत शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब असतात, जे विमानाला थडकताच पंखाच्या पुढच्या कडेवर गोठतात. एटीआरसारखी, पंख्यांच्या इंजिनांची छोटी प्रवासी विमाने याच उंचीच्या आसपास उडतात. त्यांच्या पंखांच्या कडेवर रबरी पट्टे असतात; त्यांत हवा भरली की ते फुगतात आणि वरचा बर्फ तडकून उडून जातो. जेट विमानांत बहुधा इंजिनातली गरम हवा हे काम करते.

अमेरिकी आणि युरोपीय नियमांत ही यंत्रणा तपासण्यासाठी थेंबांचा सरासरी व्यास पूर्वी पन्नास मायक्रॉनपर्यंतच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला जाई. 31 ऑक्टोबर 1994 रोजी इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ एटीआर 72 कोसळून 68 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा थेंब याहून मोठे होते आणि बर्फाची कड पट्ट्यांच्या मागे, जिथे तो काढण्याची सोयच नव्हती, तिथे तयार झाली होती. मोठ्या थेंबांचा नियम अमेरिकेत 2014 मध्ये आला. वीस वर्षांचा हा विलंब पटण्यासारखा नाही.

पट्टे कधी फुगवायचे, हाही वादाचा विषय होता. लवकर फुगवले तर बर्फाचे पोकळ कवच तयार होते, या समजुतीने पुष्कळ वैमानिक थर जाड होण्याची वाट पाहत. आधुनिक पट्ट्यांबाबत ही भीती निराधार ठरली असून, बर्फाची पहिली खूण दिसताच यंत्रणा सुरू करावी, असे आजचे मार्गदर्शन आहे. मात्र असे मार्गदर्शन परिपत्रकातून दिले जाते, आणि मार्गदर्शक परिपत्रक म्हणजे नियम नव्हे. नियम पाळण्याची मान्य झालेली एक रीत त्यात दिलेली असते, आणि तेवढ्याच खात्रीची दुसरी रीत कंपनीला सिद्ध करून दाखवता येते.

राहिला तुमच्या पहाटेचा प्रश्न. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या पंखावर गोठलेल्या दवाचा पातळ थर दिसला, तरी पंख स्वच्छ झाल्याशिवाय उड्डाण करता येत नाही. मग तो थर द्रावण फवारून काढा किंवा ऊन चढेपर्यंत थांबा.