हार्ले स्ट्रीट ७५० चा मागचा बेल्ट साताऱ्याजवळ परवडेल अशा भावात कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की हार्लेची ही बाईक सेकंडहँड घेतलीय, मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टला (चेनच्या जागी असतो तो) खडा लागून भोक पडलंय, मेकॅनिक बदलाच म्हणतोय आणि डीलरचा भाव झेपत नाहीये. माझं सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला गॅरेज आहे. या गाड्या आपल्याकडं मोजक्याच, पण बेल्टचं काम माझ्याकडं येत असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे काढण्याआधी बेल्ट खरंच गेलाय का ते बघा. मागचं चाक उचलून, गाडी न्यूट्रलला टाकून चाक हातानं हळूहळू फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात बेल्टचा पूर्ण वेढा तपासा. दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा असतील, पण त्या आतल्या बाजूलाच असतील, तर बेल्ट अजून चालतो, फक्त लक्ष ठेवायचं. काठाला दोरे सुटून केसाळ झालं असेल तरी लगेच घाबरू नका. चिरा बाहेरच्या काठापर्यंत आल्या असतील, एखादा दात उडाला असेल किंवा दात झिजून हुकासारखे वळले असतील, तर मात्र बदलायलाच हवा. खड्याच्या भोकाचं गणित वेगळं. भोक मधोमध असेल तर कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअलसुद्धा नजर ठेवून वापरायची मुभा देतं. काठाला असेल तर बदला म्हणतं. माझं मत विचाराल तर भोकातून आतले दोर तुटलेले दिसत असतील तर मधलं असलं तरी त्या बेल्टवर पसरणी घाट चढू नका. कागल-सातारा सहापदरीकरणाच्या कामामुळं हायवेला खडी कायम सांडलेली असते, त्यामुळं अशा भोकाच्या गाड्या हल्ली जास्त बघायला मिळतात.

बदलायचाच ठरला तर दुकानात "स्ट्रीटचा बेल्ट द्या" म्हणू नका. जुन्या बेल्टच्या पाठीवर छापलेला पार्ट नंबर वाचा, पुसला असेल तर चासी नंबर देऊन डीलरकडून काढून घ्या. दात मोजा, रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. एवढं हातात असलं की चार ठिकाणी फोनवर भाव विचारता येतो. हार्लेनं सप्टेंबर २०२० मध्ये भारतातला कारखाना बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून "आता पार्ट मिळत नाहीत" असं बरेच जण ठोकून देतात. ते खरं नाही. २०२१ पासून गाड्यांची आणि पार्टची विक्री हीरो मोटोकॉर्प बघते, ऑर्डर टाकली की माल येतो, थांबायची तयारी ठेवा. तुम्हाला मिळालेलं कोटेशन जुनं असेल तर नवं मागा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झालाय. आधी त्यातल्या बऱ्याच मालावर २८ टक्के होता.

दुसरा रस्ता गेट्स या बेल्ट बनवणाऱ्या कंपनीचा. १९८० साली हार्लेनं स्टर्जिस मॉडेलवर बेल्ट आणला तेव्हापासून गेट्सचं आणि त्यांचं नातं आहे. नंबर जुळत असेल तर हार्लेच्या डब्याऐवजी असा बेल्ट घ्यायला माझी हरकत नाही. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि कुरियर धरूनच भाव तोला, नाहीतर स्वस्त दिसलेला बेल्ट दारात येईपर्यंत डीलरएवढाच होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत मशिनरीचे टायमिंग बेल्ट मिळतात आणि कुणीतरी तुम्हाला "त्याच मापाचा आहे, बसवून टाका" असं सांगणारच. घेऊ नका. तासगावकडची एक गाडी तसला बेल्ट घालून माझ्याकडं आली होती. लांबी-रुंदी बरोबर होती, पण दाताचा आकार वेगळा. तो गोल घाटाचा रबरी दात मागच्या पुलीच्या (बेल्ट ज्यावर फिरतो त्या खाचांच्या चाकाच्या) खाचेत पूर्ण बसतच नव्हता. जोर लावला की दात खाचेवर चढायचा, कटकट आवाज यायचा, आणि पुलीच्या खाचांत रबराचा काळा भुगा साठला होता. सलग सात-आठ दात मुळापासून सोलून निघाले होते. कारखान्यातल्या बेल्टमध्ये बहुतेक रबर आणि काचतंतूचे दोर असतात. गाडीचा बेल्ट पॉलियुरेथेनचा, त्यात अरामिड (केव्हलरसारखा चिवट धागा) किंवा कार्बनचे दोर. पहिल्या गिअरचा झटका झेलायला तोच लागतो.

सुटा जुना बेल्टही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हा बेल्ट उलटा वाकवला, पिळला किंवा पुढच्या पुलीपेक्षा लहान वेटोळं करून बांधला तर आतले दोर मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. विकणाऱ्यानं तो कसा ठेवला होता हे तुम्हाला कसं कळणार? गाडीवर चढवलेला असताना बघून, तुमच्यासमोर उतरवून मिळत असेल तरच विचार करा. चेन बसवून देतो म्हणणारेही भेटतील. स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चक्रं, आपल्याकडं बनवून मिळतात, पण पुढच्या-मागच्या दोन्हींची रेषा जुळवणं अवघड जातं आणि सगळा हिशेब केला तर बचत फारशी उरत नाही.

नवा बेल्ट घेण्याआधी पुल्याही बघा. टोकदार सुरी मध्यम दाबानं खाचेच्या तळाशी ओढा. ती घसरत गेली तर वरचा क्रोम शाबूत आहे. रुतून ओरखडा उठला तर क्रोम उडालाय, आणि तसल्या पुलीवर नवा बेल्टही लवकर खलास होतो.

बेल्टला जोड नसतो. त्याच्या वेढ्यात स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) अडकलेला असेल तर स्विंगआर्म सोडवावा लागतो, म्हणून मजुरी आधी ठरवून घ्या. टायर लिव्हर घालून बेल्ट पुलीवर चढवायला निघालेल्या माणसाकडून गाडी परत घेऊन या. ऑइल, ग्रीस, चेन स्प्रे यातलं काहीच बेल्टला लावू देऊ नका.

ताण मात्र मापूनच हवा, बोटानं दाबून अंदाज घेऊन भागत नाही. गाडी थंड असताना बेल्टच्या खालच्या पदराच्या (दोन पुल्यांमधल्या खालच्या भागाच्या) मधोमध साडेचार किलोचा जोर दिला की बेल्ट किती सरकतो ते मोजायचं आणि ओनर्स मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचं. कंपनीचा गेज नसेल तर साधा स्प्रिंगकाटा चालतो. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा आणि जिथं बेल्ट सगळ्यात घट्ट लागेल तिथला आकडा धरा. जास्त ताणला तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो, तेव्हा दीड हजार किलोमीटरच्या आत एकदा पुन्हा मोजून घ्या.