एमएफडीएसची फी भरण्याआधी

सांगलीहून एका वडिलांनी विचारले आहे: मुलीची बीडीएसची इंटर्नशिप संपत आली आहे. नीट-एमडीएसमधून (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीची, म्हणजे एमडीएसची, प्रवेश परीक्षा) हवी ती शाखा मिळेल असे तिला वाटत नाही. एक क्लासवाले सांगतात, ‘एमएफडीएस करा, एमडीएसच्या तोडीचे आहे, शिवाय इंग्लंडमध्ये लगेच नोकरी.’ फी भरावी का?

तूर्त भरू नका. ही दोन्ही आश्वासने चुकीची आहेत.

एमएफडीएस ही एडिंबरा आणि ग्लासगो इथल्या रॉयल कॉलेजांची सदस्यत्व परीक्षा आहे. पदवीनंतर सामान्य दंतचिकित्सेची जाण किती पक्की झाली आहे, हे ती तपासते. ती तीन वर्षांच्या एमडीएसची जागा घेत नाही. भारतात तिच्या जोरावर ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारा तज्ज्ञ) किंवा एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालचा तज्ज्ञ) म्हणवून घेता येणार नाही, आणि जिथे एमडीएस मागतात त्या अध्यापकाच्या जागेसाठीही ती चालणार नाही.

ब्रिटनमध्ये काम करायला जनरल डेंटल कौन्सिलची (तिथली दंत परिषद) नोंदणी लागते, आणि ती एमएफडीएसने मिळत नाही. भारतीय पदवीधरांसाठी त्या नोंदणीचा नेहमीचा मार्ग म्हणजे ओआरई, म्हणजे परदेशी पदवीधर दंतवैद्यांसाठीची परीक्षा. (दुसरा मार्ग इंग्लंडच्या रॉयल कॉलेजची एलडीएस ही परीक्षा.) ओआरईच्या पहिल्या भागात दोन लेखी पेपर असतात. दुसऱ्या भागात कृत्रिम डोक्यावर दात कोरून भरणे, ओस्की (ठरावीक वेळेत एकेक प्रसंग करून दाखवण्याची प्रात्यक्षिक परीक्षा), उपचार नियोजन आणि वैद्यकीय आणीबाणी. प्रत्येक भागाला चारच संधी मिळतात, आणि पहिला भाग प्रथम दिल्यापासून पाच वर्षांत दुसरा उत्तीर्ण व्हावा लागतो. दुसऱ्या भागाची फी चार हजार पौंडांच्या वर जाते, शिवाय जागा पटापट भरतात. म्हणून पैसे आणि वेळ आधी तिकडे राखून ठेवा. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण 7 आणि प्रत्येक विभागात किमान 6.5 हवेत. लेखनात अडकणारे बरेच असतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

मग एमएफडीएस कुणी करावी? ब्रिटनला जायचे नक्की असून ज्यांना तिकडची पद्धत मुरवून घ्यायची आहे, त्यांनी जरूर करावी. हा अभ्यास ओआरईलाही उपयोगी पडतो, आणि माझ्या मते तिचे खरे मोल तेच आहे.

आपली मुले या ब्रिटिश परीक्षांत अडखळतात ती बहुधा ज्ञानाच्या कमतरतेमुळे नव्हे, तर सवयीमुळे. हृदयाच्या झडपेचा रुग्ण दिसला की आपल्याकडे पाठ असते: दात काढण्याआधी 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी ब्रिटनची नाइस ही संस्था 2008 पासून अशा रुग्णांना सरसकट प्रतिजैविक देऊ नये असे सांगते. हिरड्यांच्या तपासणीत तिथे बीपीई ही कोड देण्याची पद्धत वापरतात. हिरडीखाली घालायच्या प्रोबची (मोजमापाची सळई) काळी पट्टी अंशतः दिसेनाशी झाली तर कोड 3, म्हणजे दात आणि हिरडी यांमधला खिसा 3.5 ते 5.5 मिलिमीटरचा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणारी ॲलर्जी) प्रौढाला 1:1000 ॲड्रेनलिन 0.5 मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. असे आकडे अडखळत आठवून चालत नाहीत. स्कॉटलंडच्या एसडीसीईपी या दंतोपचार मार्गदर्शन उपक्रमाची पत्रके मोफत मिळतात. जाड पुस्तकांआधी तीच वाचावीत.

ओस्कीत संभाषणाचे गुण फार जातात. संमती म्हणजे कागदावर सही घेणे, असे समजून मुले उभी राहतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या मॉन्टगोमेरी निकालानंतर मात्र त्या रुग्णाला महत्त्वाचे वाटतील असे धोके आणि इतर पर्याय सांगावेच लागतात. घरी कुणाला तरी रुग्ण करून, घड्याळ लावून, रोज एक प्रसंग करून घ्या.

मुलीला भारतातच राहायचे असेल तर हा खर्च करू नका. आणखी एकदा नीट-एमडीएस द्या: तीन तासांत 240 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीला वजा 1. अंदाजाने ठोकण्याची सवय इथे महागात पडते.

एक काम मात्र तिने आजच करावे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे, असे आपल्याकडे सर्रास असते. पदवी, राज्य दंत परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट यांवरचे नाव अक्षरशः एक आहे का, ते पाहा. फरक असल्यास परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या, कारण राजपत्रातून नाव बदलायला वेळ लागतो.