वडील रिटायर झाल्यापासून 'आता आमचं काय राहिलंय' म्हणतात, काय करू?

पहिलं म्हणजे घरात कुणी 'या वयात कशाला' म्हणत असेल तर ते बंद करा, रोज ऐकून माणूस खरंच म्हातारा होतोय राव. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांचा 2002 चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या ओहायोतल्या एका गावातली पन्नाशीपुढची 660 माणसं, त्यात ज्यांना स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरं वाटत होतं ती सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. आता नुसतं हसत बसलं की आयुष्य वाढतंय असं नव्हे हं, पण अशी माणसं हिंडतात-फिरतात, औषधं वेळेवर घेतात, हेही कारण असणारच.

आमच्या पेठेतल्या तालमीत एक वस्ताद आहेत, सत्तरी कधीच ओलांडली, कान मोडलेले, गुडघे कुरकुरतात, तरी पहाटे हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला टॉवेल टाकून बसतात आणि पोरानं पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला जाताना, मान खाली घातली की तिथनंच हाळी देतात, पोरं चळाचळा कापतात. त्यांना कुणीतरी लागतंय हे त्यांना माहितीय, बास. तुमच्या वडिलांनाही असं काहीतरी जबाबदारीचं काम द्या, नुसतं भाजी आणा नको. सकाळी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पाठवा, तिथं कंपनी आपोआप मिळते. आणि गुडघे दुखत असतील तर वयावर ढकलू नका, डॉक्टरला दाखवा.